पश्चिमेच्या खोलीत कोणी झोपू नये

मी, व्हर्डी लेजरवुड, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार स्लेट होलो, टेनेसी, डोके ताळ्यावर असताना आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत, अक्कल शाबूत आहे.

१. घर आणि जमीन माझा भाचा डॉइल याला. दुसरे कोणी उरलेले नाही, एवढेच कारण.

२. घराच्या पश्चिमेला माझ्या नवऱ्याने, एमेटने, लग्नाच्या वर्षी रानातून आणून लावलेला मॅग्नोलिया आहे. कोवळी फळे काकडीसारखी, म्हणून इथे सगळे त्याला काकडीचे झाड म्हणतात. छप्पन्न उन्हाळे त्याने दुपारचे ऊन आमच्या छपरावर पडू दिले नाही. त्याची मुळे जाड, मऊ आणि जमिनीत उथळच असतात. तुटली की कुजतात. एमेट तिथे कुदळ नेऊ देत नसे. गेल्या वर्षी मी दवाखान्यात असताना डॉइलने नळासाठी झाडाच्या पश्चिमेला, खोडाला लागूनच चर खणला. विचारले तर म्हणाला, "आत्या, एवढं थोरलं झाड, त्याला काय धाड भरलीय?"

आता पश्चिमेचा वारा सुटला की बुंध्याशी जमीन उचलते. भेगेत हात घालून पाहिला, मनगटापर्यंत गेला. झाड पडेल ते पश्चिमेच्या खोलीवर.

३. डॉइलच्या मुलीचा, रूथीचा पलंग त्या खोलीत कधीही घालू नये. मागच्या शनिवारी तिने माझ्याजवळ झोपायचा हट्ट धरला. ती रडत होती, तरी मी तिला परत पाठवले. फार वाईट वाटले.

४. मला पुरून आल्यावर, लोक जेवायला बसण्याआधी, झाड शेंड्याकडून दोर बांधून उतरवावे. डॉइल आजच कापायला तयार आहे. पण मी असेपर्यंत एमेटच्या झाडाला करवत लागणार नाही. हा हट्ट आहे, मला कळते. म्हणून त्याची जोखीमही माझी, त्या खोलीत मीच झोपते. झाड आधीच खाली आलेले असेल तर हे कलम गाळावे.

५. व्हिस्कीत मुरवलेल्या, त्या झाडाच्या हिरव्या काकड्यांच्या बरण्या डॉइलला. तापावर दोन चमचे. जहर कडू आहे, आत्या आठवेल.

स्थळ: स्लेट होलो. दिनांक: ११ एप्रिल १९८७. पालवी लवकर आली आहे, आणि ती पाने वारा धरतात.

सही: व्हर्डी लेजरवुड

साक्षीदार: हॉबर्ट क्रेन, सुतार, नेओमी टिप्टन, शेजारीण. दोघांनी आत यायचे नाकारले, म्हणून मीच फाटकापाशी गेले आणि सह्या कुंपणाच्या खांबावर झाल्या. नेओमी म्हणाली, "व्हर्डीबाई, वारा फिरलाय. आज तरी आमच्याकडे चला."

मी तिला सांगितले, अंथरूण घालून झाले आहे.