पहिला कप

रविवार, संध्याकाळ

आज मीटिंगमध्ये मालकांनी इम्रानला काढलं. आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक. चेंडू त्याने फेकला की मगच आमचा खेळ पुढे सरकतो. आता बंगळुरूचा नवा पोरगा येणार, त्याचा थ्रो फार लांब जातो म्हणे. मी टीमची मॅनेजर, मीही मान डोलावली. का डोलावली?

थ्रो लांब जातो, मान्य. पण क्वार्टरबॅकला वाचवायला पुढे उभे राहून मार खाणारे ते धिप्पाड गडी, ते कुणासाठी खातात? प्रॅक्टिस संपली की नारायणगुड्याच्या हॉटेलात इम्रान आधी त्यांना स्वतःच्या हाताने चहा देतो. आपला कप शेवटी. हे मालकांना सांगायचं कसं? चहामुळे मॅच जिंकतो म्हणून? हसले असते. हसले तर हसले, बोलायला हवं होतं.

घरी आल्यापासून जीव नुसता परेशान. इम्रानला काय सांगू म्हणून फोन हातात घेतला, तर त्याचाच आला. त्याला कळलं होतं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मॅडम, नया लडका आया तो उसकू बोलो. चाय का पहला कप खुद नक्को लेना."