बाबांच्या पाठीवर फोन नंबर

शनिवार, संध्याकाळ

उद्या बाबांना वेरूळला न्यायचंय. मागं गुलमंडीच्या बाजारात गर्दीत ते हरवले, तेव्हा विचारणाऱ्यांना स्वतःचं नावही सांगता आलं नाही त्यांना. म्हणून आज ट्रान्सफर पेपर आणला. त्यावर त्यांचं नाव आणि माझा नंबर छापला, टी-शर्टवर पालथा ठेवून इस्त्री दाबली. कागद सोलला तर सगळी अक्षरं उलटी. आरशातल्यासारखं उलटं छापायचं असतं, तेच राहिलं.

दुसऱ्या टी-शर्टवर नीट उमटलं, फक्त शेवटच्या आकड्याचा कोपरा सुटतोय. परत इस्त्री फिरवली. पण धास्ती वेगळीच. जन्मभर कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस, त्याच्या पाठीवर हे? वाईट वाटलं तर?

बाबा मागंच येऊन उभे होते. नाव सावकाश वाचलं.

"माझ्यासाठी व्हय?"

मला मान वर करता येईना. "हो."

"मग तुझ्यासाठी बी एक कर," ते म्हणाले. "तू हरवलीस तर मी लोकांना काय सांगू?"

माझाही केला. माझं नाव, खाली त्यांचं.

तो कोपरा अजून सुटतोच आहे. उद्या त्यांचा हात सोडायचा नाही.