दोघं आत, एक बाहेर

सोमवार, ७ डिसेंबर १९३६
आज कमठाण्यात आम्हा नवराबायकोचं बिऱ्हाड लागलं. तलावाच्या काठी दोन खोल्या, समोर पाणी, पाण्यात बेट. गुलबर्ग्याच्या शाळेत पोरांकडून आंबे-केळ्यांची चित्रं काढून घेऊन मी विटलो होतो. जहागीरदारसाहेबांनी थंडीतल्या पाखरांची चित्रं काढायला बोलावलं आणि मी टुणकन उडी मारली. नलू म्हणते, नवा लोकरी कोट मिरवायला मला थंडीची जागा हवीच होती. शुक्रवारी, निजामी सुट्टीच्या दिवशी, तिला बेटावर न्यायचं कबूल केलंय. आता तिच्या तोंडी दुसरा विषय नाही.

मंगळवार, ८
नावाडी मडिवाळप्पा टोपलीसारख्या गोल होडीतून बेटावर घेऊन गेला. तिथे गवताचं लपण आहे, म्हणजे आत दडून पाखरं बघायची झोपडी. इथली रीत गमतीची. लपणात दोघांनी शिरायचं आणि एकाने निघून जायचं. पाखरांना मोजता येत नाही, माणूस गेला असं त्यांना वाटतं. तासाभरात करकोचे दहा हातांवर उतरले. उत्तरेच्या बर्फातून आलेले पाहुणे, आणि चालण्यात काय तो रुबाब!

मडिवाळप्पाने एक बजावलं. अंगावरचं वस्त्र लपणात ठेवून बाहेर पडायचं नाही. का, ते सांगेना. संध्याकाळी होडी सुटली आणि बेटावरून कुणीतरी हाक मारली. मी वळणार तोच तो म्हणाला, "मागं बघू नका, मास्तर. तिथं कुणी न्हाई." मला हसू आलं, पण वळलो नाही.

बुधवार, ९
दुपारी उकडायला लागलं. कोट, टोपी लपणातल्या खुंटीला अडकवली आणि बेटावरची टेकडी चढलो. तांबड्या दगडाची चढण, कोल्ह्याचे ताजे ठसे, वर चक्रवाकांची जोडी. दोन चित्रं झाली. वेळेचं भान राहिलं नाही.

परतलो तर खुंटी रिकामी. काठाकडे धावलो. होडी सुटली होती. पुढे मडिवाळप्पा, मागे माझा कोट. कोटात मी.

जीव तोडून ओरडलो. मडिवाळप्पाने मान वळवली नाही. कोटातल्याने वळवली. चेहरा माझाच होता. मला पोहता येत नाही.

गुरुवार, १०
होडी आलीच नाही. दुर्बिणीतून घर दिसतं. नलूने त्याला ओट्यावर चहा दिला. हसली. मी ओरडत राहिलो, घसा बसला. तिने नाही, त्याने वर पाहिलं. थेट दुर्बिणीत. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मी रडलो. बेटावर दुसरं कुणीच नाही. परवा हाक मारणारा सुटला. आता हाक मारणारा मी.

शुक्रवार, ११
होडी आली. मडिवाळप्पा आणि नलू. कोटातला पलीकडेच थांबलाय.

मी तिच्यासमोर उभा राहिलो. तिला दिसलो नाही. हात धरला तर शहारली, शाल घट्ट ओढली. दोघं लपणात शिरले. मडिवाळप्पा होडीकडे गेला. तिलाही बजावलं असेल त्याने. पण ऐकण्यात आम्ही दोघंही सारखेच.

ऊन चढलं. तिने शाल काढली. नको म्हणालो — दहादा म्हणालो — खुंटीवर ठेवलीच. करकोच्यांमागे टेकडीकडे —

शाल उबदार आहे. ही पांघरली की मडिवाळप्पाला मी नलूच दिसणार. घरी जाणार. आणि ती इथे —

नाही. ठेवून दिली.

मडिवाळप्पा हाक मारतोय तिला. निघायचं म्हणतोय. पलीकडे तो माझ्या कोटात, हात हलवतोय.

फार थंडी आहे. नुसती खांद्यावर, घटकाभर — ती येईप