हिरव्या लुगड्याची दोरी

सुरत

आईले मोनाचा नमस्कार,

आम्ही सारे मजेत आहो. फोनवर करुणावहिनी तुह्या बाजूलेच असते, म्हणून चिठ्ठी लिहून राहिली. चष्मा लावून तूच वाच.

तू न्हाणीत घसरून पडली, तेव्हा मी इथून धराले स्टीलचा दांडा पाठवला. दादा म्हणे, त्याच्यावर बाबा टॉवेल वाळवतात. अन् वहिनीनं जुन्या लुगड्याले पीळ देऊन खाटेपासून न्हाणीपर्यंत दोरी बांधली, ती धरून तू चालते. "सुनेमुळं मी उभी आहो," असं साऱ्या शहापुरात सांगते म्हणे.

बरं आहे. खरंच बरं आहे. गुडघ्याची सूज उतरली का?

दादानं फोटो पाठवला. दोरी हिरवी आहे, आई. माह्या लग्नात तू नेसली होती, तेच लुगडं. सासरी निघताना मी मागितलं, तर तू म्हणली, "ते तर विरलं, काय करतं त्याचं?" विरलेलं लुगडं तुहं वजन बरं पेलून राहिलं!

मी चिडली नाही. वहिनीले फक्त सांग, गाठ रोज ओढून पाहत जाय.

दिवाळीत येतो. तेव्हा चार दिवस ती दोरी सोडून ठेवजो, अन् माह्या खांद्याले धरून चालजो.

तुही,
मोना