शिरेच्या आतलं चित्र

मुरुम, ३ ऑगस्ट २०२५

चि. शिवकांता हिस आप्पांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्याच दवाखान्यातून न सांगता उठून आलो, याचा तुला राग आला असणार. पण फोटोत काळजाची शीर अर्धीच अरुंद दिसली ना? मग आत कॅमेरा घालून आणखी काय धुंडाळायचं? त्यात ती नर्सबाई म्हणाली, गळ्यातलं काढा. इष्टलिंग, बाई! पासष्ट वर्षांत अंगावेगळं केलं नाही. ते नसताना मी पाण्याचा घोटही घेत नाही, हे तुला ठाऊक आहे. श्रावण उलटू दे, मग बघू. दुकानात पोती हलवताना जबडा ठणकतो, तो दाढेमुळं. काढून टाकली की झालं.

फोनवर तू ओरडतेस आणि मला निम्मंच ऐकू येतं. पत्रच बरं. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

शरणबसप्पा

सोलापूर, ६ ऑगस्ट

ती. आप्पांस शिवकांताचा शरणार्थ.

दाढेला हात लावाल तर खबरदार! तो ठणका काळजाचा आहे. बाहेरच्या फोटोत शिरेची नुसती सावली दिसते. बारीक नळी आत घालून पाहिलं की भिंतीवर चुन्यासारखा थर किती साचलाय ते कळतं. त्याच मापानं शीर उघडी ठेवणारा जाळीचा स्टेंट बसवायचा, आणि तो पुरता उघडला का, हेही आतूनच बघायचं. अंदाजानं बसवलेला तोकडा पडला तर रक्त तिथंच गोठतं. मी रोज त्या पडद्यासमोर बसते, आप्पा. तशी दोन माणसं पाहिलीत, म्हणून घाबरते.

लिंगाचं मी डॉक्टरांशी बोलले. हातापाया पडले म्हणा ना! स्वच्छ फडक्यात बांधून डाव्या मुठीत ठेवायला ते हो म्हणालेत. सोमवारी पहिल्या गाडीनं या. रक्त पातळ ठेवायच्या सकाळच्या गोळ्या घेऊनच निघा. पत्र कंडक्टर गोरोबाकाकांच्या हाती देते. माया आहे तशी राहू द्या.

तुमची शिवकांता

मुरुम, सोमवार, ११ ऑगस्ट, सकाळचे नऊ

चि. शिवकांतास आईचे आशीर्वाद.

हे पहिल्या गाडीनं निघाले. पहाटे अंघोळीच्या वेळी जबडा दाबून बसले होते. जाताना म्हणाले, पोरीनं माझ्यापायी किती जणांपुढं पदर पसरायचा. मी हसण्यावारी नेलं.

मी आत्ता देव्हाऱ्यात दिवा लावायला गेले, तर लिंग तिथं काढून ठेवलेलं. तुला कुणापुढं खाली बघायला लागू नये म्हणून. शेजारी सकाळच्या गोळ्या तशाच. लिंग नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून गोळी नाही.

तुझा फोन बंद आहे, आत कामात असशील. त्यांचा वाजतो, पण उचलत नाहीत. गाडीच्या आवाजात ऐकू येत नसेल. लिंग आणि गोळ्या पुढच्या गाडीवरच्या गोरोबाभावजींकडं देते. आधी लिंग हातात दे, मग पाणी.

गाडीतून उतरले का, तेवढं कळव. उतरले असतील तर त्यांना रागावू नकोस.

तुझी आई,
महेश्वरी