खोगिरावर बसवूनच माप घ्यावे

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा पुरुषांचे घोडेस्वारीचे कपडे शिवण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. उद्या माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. बिघाड छातीत आहे, डोके ठिकाणावर आहे. समोर बसलेल्या डॉक्टरांनी तशी खात्री करून घेतली आहे. मजवर कोणाचा दबाव नाही. थोरला भाऊ मघापासून बाहेर दुकानात येऊन बसला आहे आणि मी काय लिहितो ते त्याला पाहायचे आहे. पण दाराला आतून कडी आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

एक. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या पत्नीस. ती हयात असेपर्यंत तिला घरातून कोणी हलवू नये. ठेव तिने जपून ठेवू नये, खर्च करावी. तिच्यामागे घर आमच्या एकुलत्या एक मुलीचे.

दोन. दुकान माझे व थोरल्या भावाचे निम्मे निम्मे आहे. माझा निम्मा हिस्सा, दोन्ही शिवणयंत्रे, कात्र्या आणि खोगीर चढवलेला लाकडी घोडा मुलीस. ती वीस वर्षे माझ्या शेजारी बसून शिवते आहे, तेव्हा ही मेहेरबानी नव्हे. अट एकच. विजारीचे माप गिऱ्हाइकाला लाकडी घोड्यावर बसवूनच घ्यावे. गिऱ्हाईक लाजते. लाजू द्यावे. एका वकीलसाहेबांनी उभ्यानेच माप देण्याचा हट्ट धरला होता. पहिल्याच दिवशी घोड्यावर टांग टाकताना विजार मागून उसवली आणि साहेब भिंतीला पाठ घासत फाटकापर्यंत गेले.

बाकी तिला ठाऊक आहे, तरी लिहितो. मांडीच्या आणि गुडघ्याच्या आतल्या अंगाला शिवण येता कामा नये, कातडी सोलवटते. कापड ताणणारे घ्यावे, पण सैल नको; चुण्या पडल्या की त्या टोचतात. कंबर मागून थोडी उंच, म्हणजे पुढे वाकल्यावर पाठ उघडी पडत नाही. गळ्यात लोंबते काही नको. टोपी हनुवटीखाली पट्टा आवळूनच. आणि विकायला ठेवतो त्या बुटाला गुळगुळीत सोल व बोटभर टाच हवीच हवी. टाचेमुळे पाऊल रिकिबीच्या कडीतून आरपार घुसत नाही, आणि सोल गुळगुळीत असला तर माणूस पडताना पाय सुटतो.

तीन. ज्यावर हे लिहीत आहे ते कापड बेतायचे मोठे टेबल थोरल्या भावास. ते वडिलांचे. वडील गेल्यावर आमच्यात त्यावरूनच पहिली जुंपली होती. आता घे म्हणावे.

चार. हे कलम देण्याघेण्याचे नाही, पण याच्यासाठीच मी लिहायला बसलो.

माझा जावई गावाबाहेरच्या एका मैदानावर नोकरीला होता, मुलांना घोडेस्वारी शिकवीत असे. नऊ वर्षांपूर्वी थोरल्या भावाने मला न विचारता डोंगर चढायचे बूट दुकानात आणले: सोलला खोल खाचा, टाच नाही, घोट्याच्या वर लेस. "लोकांना आवडतात, तुला काय त्रास?" म्हणाला. मी नको म्हटले. मी गावाला गेलो असताना त्याने त्यातलाच एक जोड स्वारीचे बूट म्हणून जावयाला दिला. जावयाने सोल पाहून शंका काढली, तर म्हणाला, "नवी पद्धत आहे, जावईबापू. घालून तर बघा."

त्याच आठवड्यात मैदानावर घोडी बुजली. जावई पडला, पण डाव्या बुटाच्या खाचा रिकिबीत रुतल्या. घोडी उधळली आणि तो डोक्याखाली दोन्ही हात धरून फरपटत गेला. मुलगी कुंपणाशी उभी होती. ती ओरडली नाही. आत शिरली, मैदान निमुळते होते त्या कोपऱ्यात हात पसरून उभी राहिली आणि घोडीशी हळू आवाजात बोलत राहिली. घोडी अंगावर येते असे वाटत असतानाच थबकली. मुलीने लगाम धरला. पाय निघेना, म्हणून तिने रिकिबीचा पट्टाच खोगिरापासून सोडवला. जावयाचे खुब्याचे हाड मोडले. तो आजही काठी घेऊन चालतो.

आम्ही इस्पितळात धावपळ करीत असताना तो बूट नाहीसा झाला. थोरल्या भावाने मैदानाच्या मालकांना सांगितले, बूट आमचे नेहमीचेच होते, पोराचाच निष्काळजीपणा. जावयाची नोकरी गेली. नंतर कोणी आपले मूल त्याच्याकडे शिकायला पाठवले नाही.

माझी इच्छा अशी की, माझ्यामागे हे कलम डॉक्टरांनी मैदानाच्या मालकांसमोर मोठ्याने वाचावे.

(येथे लिहिणे थांबले होते. पुढचे त्यानंतर लिहिले आहे.)

थोरल्या भावाने दार ठोठावले. मी कडी काढायला सांगितली. त्याच्यामागून मुलगीही आत आली. त्याने कागद उचलला, चौथे कलम उभ्यानेच वाचले.

"हे चारचौघांत वाचायला लावणार तू?"

"मी नसेन तेव्हा. डॉक्टर वाचतील."

"माझी लाज काढून मरणार?"

"आधी मरू तर दे, दादा."

तो कागद चुरगाळतो की काय असे वाटून डॉक्टर उठले. मुलगी मधे आली. आवाज तोच, घोडीशी बोलली होती तो.

"काका, इस्पितळात यांच्या पायातला बूट लेस कापून तुम्हीच काढलात. मी पाहत होते. नऊ वर्षं मी विचारलं नाही. आज विचारते. बूट कुठं आहे?"

त्याने कागद खाली ठेवला. म्हणाला, "नदीत टाकला. त्याच संध्याकाळी."

"का?"

"सोल बघितला आणि कळलं मला. सगळं कळलं." तो खुर्चीवर बसला. "त्याला बोलाव."

जावई आला. थोरल्या भावाने त्याच्यासमोर पुन्हा सगळे सांगितले, काही न वगळता. जावई ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हे मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. त्यांना सांगा."

"उद्या ह्याला आत नेलं की तिथूनच जातो," थोरला भाऊ म्हणाला. मग डॉक्टरांकडे वळला. "दुसरा साक्षीदार कोण?"

"शेजारचे घड्याळजी. अजून आले नाहीत."

"मी सही केली तर?"

डॉक्टर म्हणाले, "ज्याला यातून काही मिळतं, त्यानं साक्षीदार होऊ नये."

त्याने टेबलाकडे पाहिले. कडेवरून एकदा हात फिरवला आणि मला म्हणाला, "तिसरं कलम खोड."

तिसरे कलम माझ्या इच्छेने रद्द. टेबल जावयास.

ठिकाण: दुकानामागील खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार.

लिहून देणार: (सही) शिंपी
साक्षीदार एक: (सही) डॉक्टर
साक्षीदार दोन: (सही) थोरला भाऊ. चौथे कलम वाचले. खरे आहे.