अर्ध्या दाराचे स्वामित्व

११ जून १९६१, रविवार

स्वस्ति श्री. समस्त-चामराजपेट-गल्ली-भूषण, धर्मपत्नी-आज्ञा-धुरंधर, अर्धगृहनरेश, अर्धमोटारस्वामी, वामकवाटाधिपती, तैलविलेपनविशारद, राजमान्य राजश्री नरसिंगराव यांनी आज प्रातःकाळी मोटारखान्याच्या दाराला रंगाचा दुसरा हात दिला.

म्हणजे अर्ध्या दाराला. उरलेले अर्धे परराज्य आहे.

वडील गेल्यावर ज्ञातीतल्या अप्पासाहेबांनी आम्हां दोघां बंधूंची वाटणी केली, त्याला तीन वर्षे झाली. मधे भिंत घालून घर दुभंगले. विहीर, अंगण आणि मोटार सामाईक. थोरले बंधू प्रतापराव, म्हणजे अण्णा, म्हणाले मोटार विकू. मी म्हणालो, वडिलांची मोटार विकायची नाही. शब्दाला शब्द लागला. तेव्हापासून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. मीही नाही. मोटारखान्याच्या दुझडपी दाराशी येईतो अप्पासाहेबही थकले होते. म्हणाले, "डावी झडप नरसिंगाची, उजवी प्रतापाची. ज्याची त्यानं राखावी. सरी?"

दोघेही "सरी" म्हणालो. आमच्या एकमताचा तो अंतिम उद्गार.

दार पश्चिमाभिमुख. चैत्रातले ऊन लाकूड तडकवते, ज्येष्ठातला पाऊस तिरपा येऊन त्या तडांत शिरतो. म्हणून दर वर्षी माझी झडप मी खरवडतो, अळशीचे तेल पाजतो, शेंदरी अस्तर देतो, वर हिरवा रंग. अण्णांच्या झडपेला गेल्या साली हात लागला नाही. यंदाही नाही. रंगाचे पापुद्रे निघाले आहेत. खालची कड काळी पडली आहे.

हे आळस नव्हे. हे मला उद्देशून केलेले भाषण आहे.

१५ जून

पाऊस. माझ्या झडपेवरून थेंब घरंगळून जातात. त्यांची झडप ते पिते.

२ जुलै

आज औदार्याचा झटका आला. रंगाचा अर्धा डबा उरला होता. झाकण घट्ट लावले, वर कुंचला ठेवला आणि अण्णांच्या पायरीवर नेऊन ठेवला. बोललो काहीच नाही. डबा बोलेल, अशी कल्पना.

तुंगा खिडकीतून पाहत होती. माझे कुटुंब अल्पाक्षरी आहे. म्हणाली, "डब्याबरोबर दोन शब्दही ठेवायचे होते."

"शब्दांना अस्तर द्यावं लागतं," मी म्हणालो.

"मग द्या. इतकं दाराशी बोलता, भावाशीही स्वल्प बोला."

३ जुलै

अण्णांनी डब्याला लाथ मारली.

मी माझ्या ओसरीवर होतो. ते दाराबाहेर आले, पाऊल टाकले, डबा उडाला, झाकण निघाले आणि पायरीवरून हिरवा ओघळ अंगणात आला. ते क्षणभर थांबले. खाली पाहिलेसुद्धा नाही. भिंतीला हात लावून तसेच आत गेले. धोतराचा काठ हिरवा झालेला.

कौरवांनीही शिष्टाईला आलेल्याला लाथ मारली नव्हती.

वहिनी, म्हणजे भागीरथीबाई, फडके घेऊन पायरी पुसत बसल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "भावजी, मनावर घेऊ नका हो." मनावर नाही तर कशावर घ्यायचे?

४ जुलै

जेवलो नाही. तुंगाला सांगितले, पोट बिघडले आहे.

१३ ऑगस्ट

दार बसले. उघडतच नाही.

कारण असे. दोन झडपांमधली फट झाकणारी उभी पट्टी अण्णांच्या झडपेवर ठोकलेली आहे. आधी त्यांची झडप उघडावी, मग माझी. आता त्यांची पाणी पिऊन फुगली. माझी तेल पिऊन तुळतुळीत, सुदृढ, सर्वांगसुंदर, आणि कारावासात. त्यात मी कडेला रंगाचे दोन जाड थर दिले होते. ते पट्टीला चिकटले. वामकवाटाधिपतीच्या अतिशुश्रूषेचे हे फळ.

नागोजी सुताराला बोलावले. त्याने दार वाजवून पाहिले. आमच्याकडे काफी घेतली. मग अण्णांकडे जाऊन काफी घेतली. बाहेर येऊन म्हणाला, "ऊन पडू दे, रावसाहेब."

"आणि पडलं नाही तर?"

"मग रंधा मारू. पण पट्टी थोरल्या रावसाहेबांची. त्यांना विचारा."

"तू विचार."

"विचारलं. ते म्हणाले, ज्याला दाराची घाई त्यानं बघावं."

याला संभाषण म्हणायचे असेल तर यंदाचे हे पहिले.

१७ सप्टेंबर

तुंगाने विहिरीवरून बातमी आणली. अण्णा दसऱ्यानंतर हुबळीला जाणार. चिरंजीव विद्याधरला तिथे रेल्वेची मोठी जागा मिळाली आहे. कायमचे जाणार. घराची त्यांची बाजू बंद राहील.

मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. तेच पान.

"ऐकलंत ना?" तुंगा म्हणाली.

"ऐकलं."

"आता तरी जाऊन बोला. थोरले आहेत."

"थोरले आहेत म्हणूनच. आधी त्यांनी बोलावं."

तिने भांडी खाली जोरात ठेवली.

१८ सप्टेंबर

इथे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो. मला मोटार नको. दारही नको. जाण्यापूर्वी अण्णांनी माझ्याशी एक शब्द बोलावा. शिवी चालेल. लहानपणी मला सायकल शिकवताना "गाढवा, पुढे बघ" म्हणत, तेवढेही चालेल. नाहीतर माझ्या उरलेल्या आयुष्यात भिंतीपलीकडे नुसते कुलूप असेल.

आता एकच दिवस उरतो. आयुधपूजेला मोटारीची पूजा थोरल्याच्या हातून होते, कोहळा धाकटा फोडतो. वडिलांनी घालून दिलेली रीत. गेली तीन वर्षे न बोलता का होईना, दोघे एका दाराशी उभे राहिलो. यंदाही राहू.

मात्र दार उघडले तर.

८ ऑक्टोबर

पाऊस. रोज दुपारी, नेमाने. दार टस की मस नाही. मी ते आतून पुसू शकत नाही, बाहेरून पुसून उपयोग नाही. माणसाने इतके निरुपयोगी असू नये.

१८ ऑक्टोबर, बुधवार, आयुधपूजा

जसे घडले तसे लिहितो.

सकाळी नागोजी रंधा आणि पटाशी घेऊन आला. पट्टी तासली, माझा चिकटलेला रंग पात्याने चिरला. मग म्हणाला, "दोघंही लावा हात."

अण्णा आले. वहिनी त्यांच्या अगदी लगत. अण्णांनी हात पुढे करून दार चाचपले, आपली झडप शोधली, पट्टी धरली. मी माझ्या झडपेची कडी धरली. मधे वीतभर अंतर. त्यांच्या अंगाला तोच तपकिरीचा वास.

"नागोजी," अण्णा म्हणाले, "त्यांना म्हणावं झटका देऊ नका."

"नागोजी, त्यांना सांग, मी झटका देत नसतो."

"रावसाहेब, ऐकू येतंय दोघांनाही," नागोजी म्हणाला. "ओढा आता."

दार उघडले. आत मोटार, वर धूळ, आणि ओल्या लाकडाचा कुबट दर्प. बायका पूजेचे सामान आणायला गेल्या. नागोजी हात धुऊन वहिनींच्या मागोमाग स्वयंपाकघरात, काफीकरिता. दाराशी अण्णा आणि मी, दोघेच.

अण्णांनी माझ्या झडपेवर तळवा ठेवला. वरून खालपर्यंत सावकाश फिरवला. मग म्हणाले, "नागोजी, कुठला रंग दिलाय रे त्यांनी?"

नागोजी तिथे नव्हता. मी दोन हातांवर उभा होतो. माझ्याशी बोलायचे नाही म्हणून रिकाम्या हवेला नोकर करायचा, ही अवहेलनेची परिसीमा झाली. मस्तकात तिडीक गेली. मी आभाळाकडे पाहत म्हणालो, "हिरवा. आंधळ्यालाही दिसेल असा."

अण्णांचा हात झडपेवर थांबला.

"सरी," ते म्हणाले.

पुढे पूजा. हळदकुंकू त्यांनी नेहमीच्या जागी न लावता काचेवर लावले, वहिनींनी घाईने त्यांचे मनगट धरून खाली आणले. मी कोहळा फोडला.

आता प्रश्न असा. तो "सरी" माझ्याशी होता की नागोजीशी? आवाज ओळखला असणारच. मग शब्द मला मिळाला असे धरायचे का? तुंगाला विचारले. ती म्हणाली, "तुम्ही असं बोललात?" आणि उठून गेली.

२२ ऑक्टोबर, रविवार

गेले. घोड्याचा जटका दाराशी आला. दोन ट्रंका, एक वळकटी. वहिनी तुंगाला मिठी मारून रडल्या. मी मोटारखान्याशी उभा होतो, अण्णांना दिसेन असा. मुद्दाम. पायात वहाणाही घातल्या होत्या, चार पावले पुढे जावे लागले तर.

वहिनींनी हाताला धरून त्यांना चढवले. अण्णांनी मान वळवली नाही. समोर पाहत बसून राहिले. जटका गल्लीच्या टोकाशी वळला.

मग मी वहाणा काढल्या.

२४ ऑक्टोबर

तुंगा सांगते, वहिनींनी तिला शपथ घातली होती, आम्ही हुबळीला पोचेपर्यंत भावजींना कळू देऊ नका. काल पोचल्याची तार आली. दीड वर्ष झाले, अण्णांना दिसत नाही. काचबिंदू. आधी एक डोळा, मग दुसरा. "नरसिंगाला कळलं तर तो थट्टा सोडून कीव करील," म्हणत होते.

आज उजवी झडप खरवडायला घेतली. तिचा खालचा बोल्ट भोकात उतरत नाही, अर्धे बोट वरच राहतो. नागोजी सोमवारी येतो म्हणाला होता. आज मंगळवार.